घरचं यंत्र

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, हे पलूसच्या आमच्या घरी सांगणं मला कधीच नीट जमलं नाही. डीएनएचे इवलेसे धागे घ्यायचे, चिमट्यासारखे मिटवायचे आणि पेशींवर सोडायचे. पेशीत कर्करोगाची ठरावीक जनुकीय खूण भेटली की चिमटा उघडतो आणि चमकतो. मग सूक्ष्मदर्शकातून त्याचा फोटो काढायचा. हे सगळं अजून काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच चाललंय. आईनं त्यातली बशी तेवढी गाळली आणि गावभर सांगितलं, "आमच्या पोरीनं कॅन्सर दावणारं यंत्र केलंय."

घरचं माणूस असताना परक्याकडे जाणं म्हणजे त्या माणसाचा अपमान, असं आमच्या नात्यागोत्यात मानतात. मामेभावानं दातांचा दवाखाना काढला, तेव्हा ज्यांचे दात ठणठणीत होते त्यांनीही कळवळत जाऊन खुर्ची धरली. आई त्यात सगळ्यात पुढे होती.

दिवाळीला घरी गेले, तर तिनं मला आतल्या खोलीत नेऊन छातीतली गाठ दाखवली. सुपारीएवढी होती. श्रावणापासून आहे, म्हणाली.

"आणि डॉक्टरला नाही दाखवलंस?"

"आगं, घरात यंत्र हाय की! लोकाच्या दारात कशाला जायाचं? तुज्यासाठी थांबले. आणलंयस न्हवं?"

मी आधी चिडले आणि मग फार घाबरले. माझं यंत्र माणसावर चालत नाही, त्याला अजून बरीच वर्षं लागतील, हे तिला दोनदा समजावलं. तिचा चेहरा पडला, पण गाठीसाठी नव्हे.

"मग येवडी वर्सं करतीस काय तितं?"

दुसऱ्याच दिवशी तिला सांगलीला नेलं. सुई घालून तपासणी झाली. काही दिवसांनी रिपोर्ट आला. कर्करोगच होता, पण पसरलेला दिसत नव्हता. डॉक्टर शस्त्रक्रियेचं समजावू लागले. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं डाक्टर, काढल्यावर त्यातलं थोडं हिला द्या. परक्याच्या पेशींवर हिचं यंत्र रखडलंय. आईचं मिळालं तर चालंल."

मी हसायला गेले आणि डॉक्टरांसमोरच मला हुंदका फुटला. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत त्यांना म्हणाली, "लय भित्री हाय, पन काम चांगलं करती."