चंद्राबाईने बदललेला नकाशा

चंद्राबाईचा नवरा भिवाजी जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा तिच्या जांबे गावातल्या घरी मृण्मयी नावाची आर्किटेक्ट नकाशे घेऊन आली. चंद्राबाईच्या मुलाने, शेखरने, तिला बोलावलं होतं. हिंजवडीत कामाला जाणाऱ्यांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या वीस खोल्या पाडून तिथे सहा मजली को-लिव्हिंग इमारत बांधायची होती. खोली ज्याची त्याची. स्वयंपाकघर आणि बैठक मात्र मजल्यावरच्या सगळ्यांची मिळून.

चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून ती अशीच. रडली नव्हती. कुणी जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची.

"काकू, इतकी वर्षं भाडेकरू तुम्ही सांभाळलेत. तुम्हीही बघा ना," मृण्मयी म्हणाली.

"तिला कागदातलं काय कळतंय?" शेखर म्हणाला.

चंद्राबाईने कागद पुढ्यात ओढला. "चूल कुटं हाय ह्यात?"

मृण्मयीने बोट ठेवलं. प्रत्येक मजल्यावर मागच्या अंगाला, जिन्यापलीकडे.

"मागं नको."

"आये, पुढं बैठक हाय. मोठी काच. लोकांस्नी तेच आवडतंय."

"मागं नको म्हंतेय."

"पण का?"

"तुजा बाप पुढं खुर्चीत बसला व्हता. मी मागं भाकरी थापत व्हते. ताट घिऊन आले, तवर हात गार पडलं व्हतं त्याचं."

बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसा तिचा आवाज होता. हे ती शेखरला पहिल्यांदाच सांगत होती. तो उठून बाहेर गेला.

मृण्मयीने आठवड्याने नवा नकाशा आणला. ओटा मजल्याच्या मधोमध, बैठकीला लागून, आड भिंत नाही. सगळ्या खोल्यांची दारं त्याच्याकडे उघडणारी. दर मजल्यावर एक खोली कमी झाली होती. शेखरने सही केली.

दीड वर्षात इमारत उभी राहिली. चंद्राबाई तळमजल्यावर राहायला गेली. एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची नांदेडची वैष्णवी तिला हाताला धरून वर घेऊन गेली. एकजण तापाने सोफ्यावर पांघरूण घेऊन पडला होता. ओट्याशी पोहे परतणारी मुलगी त्याला अधूनमधून हाक मारायची, तो हूं म्हणायचा.

"चांगलं झालंय ना, आजी?" वैष्णवीने विचारलं.

"व्हय."

चांगलं झालं होतं, ते तिला दिसत होतं. पण आत काही हललं नाही. वैष्णवीने पोह्यांची बशी हातात दिली. तिने ती संपवली आणि विसळायला कुठे ठेवायची ते विचारलं.