ऑपरेशनच्या बदल्यात इंजेक्शन

“नर्स देता येणार नाही,” साहेब म्हणाले. “तिच्यावर आधीच फॅमिली प्लॅनिंगचं टार्गेट आहे.”

मी तेव्हा बीदर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. साहेब माझे वरिष्ठ. माझी पेशंट सुनंदा हळ्ळीखेडची, शेतकऱ्याच्या घरची. दोनदा सातव्या महिन्यातच बाळंत झालेली. दोन्ही मुलं गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी तिला प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं लिहून दिली. हे गर्भ टिकवणारं हार्मोन. बाईच्या शरीरात ते असतंच. वरून दिलं तर गर्भाशय वेळेआधी आकसणार नाही, अशी आशा. हमी नाही. औषध तेलातलं, घट्ट. जाड सुईनं, हळूहळू, दर आठवड्याला द्यायचं. दर खेपेला बसचे हादरे खात तिनं येऊ नये, गावातल्या नर्सनंच ते द्यावं, एवढंच माझं मागणं होतं.

मी पुन्हा गेले तेव्हा साहेबांनी तोडगा काढला. त्या घरातून मूल बंद करायच्या ऑपरेशनची एक केस द्या, नर्स जाईल.

“जिला अजून एकही मूल नाही, तिच्या घरी केस मागायची?” मी विचारलं.

“तिचीच कशाला? घरात दुसरी कुणी असेल की.” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

हे बोलणं नर्सकडून हळ्ळीखेडला पोचलं. दोन दिवसांत सुनंदाची थोरली जाऊ लक्ष्मीबाई माझ्यासमोर उभी. पदरी तीन लेकरं.

“बाई, माजं ऑपरेशन करून टाका,” ती म्हणाली, “पर हिची सुई चालू करा.”

“तुम्हाला स्वतःला करायचंय का?”

“मला कामून करायचंय? हिच्यापायी म्हनायले.”

ऑपरेशनला माझा विरोध नव्हता. जी मागेल तिचं मी करतच होते. पण एकीच्या औषधासाठी दुसरीचं पोट कापायचं? मी तिला सांगितलं, तुमच्या मनात येईल तेव्हा या, आज नाही. सुनंदाची मावशी दवाखान्याजवळच राहत होती. तिच्याकडे सुनंदाला आणून ठेवायला सांगितलं. इंजेक्शनं मीच देऊ लागले.

साहेबांना कळलं. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत ते हसून म्हणाले, डॉक्टरीणबाई हल्ली नर्सचं काम करतात.

“साहेब, मूल थांबवायला आपल्याकडे नर्स आहे, वाचवायला नाही,” मी म्हणाले. “हे वर कळवू का?”

त्यांनी विषय बदलला. नर्स मात्र शेवटपर्यंत दिली नाही.

नववा महिना भरल्यावर सुनंदाला मुलगी झाली. वजन थोडं कमी, पण आवाज खणखणीत. इंजेक्शनानं निभावलं की विश्रांतीनं, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. लक्ष्मीबाई काही ऑपरेशनला आली नाही. माझी बदली झाली, ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

औषध लिहून दिलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत असे. ते पेशंटच्या अंगात जाईपर्यंत काम आपलंच असतं, आणि त्यासाठी वरची परवानगी मागत बसायचं नसतं.