बुडालेल्या शेताचा पहिला भात

उरणकडच्या आमच्या खाडीकाठी भात पिकतं ते बांधाच्या मेहेरबानीवर. खेकड्याने बांधात बीळ पाडलं आणि उधाण आलं की खारं पाणी आत शिरतं. मग दोन-तीन वर्षं त्या शेतात दाणा नाही. म्हणून 'बांध गेला' अशी हाक आली की घरटी एका माणसाने ताटावरून उठून धावायचं, हा गावचा रिवाज.

त्या श्रावणात देवळात नामसप्ताह होता. वीणा सात दिवस खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. अमावास्येच्या दुपारचा पहारा माझा. तिशीतला मी, आवाज फाटका, पण ऐट अशी की देवाने स्वतः बोलावून मला उभं केलंय.

ऐन भरतीला शेजारची विधवा चिखलाने माखून पायरीशी आली. "बांध गेला! चला रं कोनीतरी, माझ्या एकटीच्यानं आवरत न्हाय!" तिचं तेवढंच एक शेत.

आत आम्ही नऊ धडधाकट पुरुष. दोघे तर गिरणीतून रजा काढून आलेले. सप्ताहाचे म्होरके बुवा डोळे न उघडता म्हणाले, "बाय, नामात खंड पडंल."

तिने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुम्ही तरी!"

मी वीणेकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने गाऊ लागलो. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं मला सुचलं नाही, असं मी घरात वर्षानुवर्षं सांगत आलो. साफ खोटं. सुचलं होतं. पण अंगावर नवं धोतर होतं.

बायकाच धावल्या, माझीही. पाणी जिंकलं.

मी प्रसाद घेऊन घरी आलो, तर बायको मांडीपर्यंतचा चिखल धूत होती. "ठेवा तिकडं. द्येव बुडत व्हता काय, त्याला धरून बसलात?"

जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन शेतावर गेलो.

"आता कशाला आलात?" विधवा म्हणाली. मी फुटलेला बांध बुजवायला लागलो. पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, ओहोटीला सोडायचं, मीठ धुवायचं. दोन पावसाळे हेच केलं. तोवर ती मिठागरात टोपल्या वाहत होती. तिच्या पायांना पडलेल्या भेगा पाहिल्या की मी नाम अर्ध्यावरच सोडायचो. राग बुवांवर काढायचो, कारण स्वतःवर काढायला हिंमत लागते.

तिसऱ्या वर्षी भात आलं, विरळच. नव्या भाताच्या जेवणाला तिने आम्हांला बोलावलं. ओटीवर पाहतो तर बुवा! आणि पहिलं वाढलं तेही त्यांनाच. माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मी विचारलं, "ह्यांना कशाला? लाज न्हाय वाटत त्यांना?"

"हळू बोला," ती भाताचं पातेलं उचलत म्हणाली. "सुना इचारत न्हायत त्यांना. उपाशी कसं वाटतं ते मला ठावं हाय. देवानं मला जगवलं ते काय फकस्त माझ्यासाठी?"

मी पानावर येऊन बसलो. बुवा मान खाली घालून जेवत होते. राग गेला नव्हता, तरी त्यांच्या पानातलं मीठ संपलेलं दिसलं, म्हणून माझ्या पानातलं सरकवलं. प्रेमाने नव्हे. पातेलं घेऊन ती बघत होती म्हणून.