शुक्राची शेपटी

पृथ्वी फिरते, या कारणावरून माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडायला आलं होतं.

साल सत्तावन. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा चांद्याचा बातमीदार होतो. (चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर.) या कामानं मला दोन सवयी लावल्या होत्या: विधानाला साक्षीदार हवा आणि विशेषणं कमी हवीत. तिसरी सवय मी स्वतःच लावून घेतली होती. आकाशाचे फोटो काढायची. एका लाकडाच्या ठेकेदाराकडून मी जुना, भात्याचा घडीचा कॅमेरा घेतला होता. त्यावर चंद्राचे अकरा फोटो काढले होते. दहांत चंद्र मोहरीएवढा आला, अकराव्यात आलाच नाही. मृग नक्षत्राचाही एक होता. आई तो पाहुण्यांना दाखवताना म्हणायची, "काजळी पडली असन, पण पोराले मोठी हौस!"

शांताचं लग्न गोंडपिपरीच्या वसंताशी ठरलं होतं. वसंता जंगल खात्यात नाकेदार होता आणि त्याची बदली अहेरीच्या पलीकडे झाली होती. रजा मोजून आठ दिवसांची. पाऊस लागला की नदीपलीकडचा माणूस दसऱ्याशिवाय अलीकडे येत नसे. मुलगा शांताला पसंत आहे का, हे तिला विचारायची पद्धत नव्हती. पण अहेरीपर्यंत वाटेत कोणती गावं लागतात, हे तिनं मला तीनदा विचारलं होतं. त्यावरून बातमी पक्की धरायला हरकत नव्हती.

अडचण एकच होती. शुक्र.

शुक्र सूर्याजवळ जाऊन दिसेनासा झाला, की तो पुन्हा दिसेपर्यंत लग्नं लागत नाहीत. आमच्या पंचांगाप्रमाणे तो मुहूर्ताच्या चार दिवस आधी उगवत होता. गोंडपिपरीच्या पंचांगाप्रमाणे दोन दिवस नंतर! मुहूर्त मधे लटकलेला. पुढचा मुहूर्त वसंताच्या रजेत बसत नव्हता. शिवाय वसंताच्या आजीच्या मनात राजुऱ्याची एक मुलगी आमच्याही आधीपासून होती, ही बातमी आमच्या आईला तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळाली होती.

वसंताचे वडील देवरावभाऊ निरोप घेऊन स्वतः आले.

"बुढी आयकून नाई राह्यली," ते म्हणाले. "म्हणते, पंचांग म्हंजे कागद. कागदावर काई बी लिहता येते. डोळ्यानं पाह्यल्याशिवाय लगन नाई."

"मग पाहा ना," बाबा म्हणाले. "संध्याकाळी पश्चिमेले पाहाचं."

"आमच्या इथी पश्चिमेले जंगल हाय जी. सूर्यच झाडात मावळते, तं शुक्र कुठी दिसन? अन् बुढीले मोतीबिंदू. नाकाशी धरल्याशिवाय दिसत नाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा पोरगा चंद्राचे फोटो काढते म्हणते. शुक्राचा काढून आना. ते नाकाशी धरन."

(म्हणजे पंचांगाच्या कागदावर भरवसा नाही, फोटोच्या कागदावर आहे! पण आयुष्यात प्रथमच माझ्या छंदाची कुणाला तरी गरज पडली होती. मी हे विसंगत आहे, असं म्हणालो नाही. नंतर ते पुष्कळदा म्हणालो.)

रोलमध्ये दोनच फोटो शिल्लक होते. नवा रोल नागपूरहून यायला आठवडा लागे. पहिल्या दिवशी मी परकोटावर चढलो. तिथून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसतं आणि फोटोच्या कडेला एक बुरूजही येतो. सूर्य मावळून अर्धा तास झाला आणि धुळीच्या वर, बुरजाच्या उजव्या अंगाला, शुक्र खरोखरच दिसला. मी झडप उघडली. त्याच क्षणी आई माझ्या मागून पुढे आली. तिनं पदराआडून निरांजन काढलं आणि शुक्राला ओवाळायला सुरुवात केली!

"आई! बाजूला हो!"

"अरे, इतक्या दिवसांनं आला तो. तसाच जाऊ देऊ का?"

त्या फोटोत सर्वांत मोठा ग्रह म्हणजे आईचं निरांजन आहे. तो गोल गोल फिरतोही.

दुसऱ्या दिवशी आईला घरी ठेवलं. बाबा आणि आमच्याकडचे पुरोहित महाराज बरोबर होते. भिंतीवर धान्य मापायची पायली पालथी घातली, तिच्यावर कॅमेरा ठेवला, खाली बाबांची टोपी दाबून तो बरोबर वर उचलला. झडप एक मिनिट उघडी ठेवायची होती. मी मनात साठ आकडे मोजू शकलो असतो. पण वेळेला साक्षीदार असावा, हा माझा आग्रह. मी बाबांच्या हातात त्यांचंच खिशातलं घड्याळ दिलं.

"मिनिट झालं की 'बस' म्हणा."

"म्हणतो न. त्यात काय?"

मी तारेचं बटण दाबलं. नजर शुक्रावर, अंगठा बटणावर, श्वास बंद. मागे महाराज हळूच म्हणाले, "गोंडपिपरीवाल्याइचं पंचांगच चुकीचं हाय."

"चुकीचं नाई महाराज," बाबा म्हणाले, "त्याइचं गणित जुनं हाय."

"जुनं तं आपलं हाय!"

"आपलं जुनं? काऊन?"

एक मिनिट किती मोठं असतं, याचं मला कौतुक वाटू लागलं. शुक्र बराच खाली आला. मला वाटलं, एकाग्रतेनं असं वाटत असावं. मागे वाद सूर्यसिद्धान्तापर्यंत पोचला. अंगठा बधिर झाला. शुक्र तांबूस झाला, धुळीत बुडाला आणि दिसेनासा झाला.

"बाबा! किती झालं?"

"काय किती?"

"मिनिटं!"

मग काडी ओढल्याचा आवाज. "अरे बापा. अकरा."

न्हाणीत कंदिलाला लाल कापड गुंडाळून मी रोल धुतला आणि छाप काढला. सांगायला संकोच वाटतो, पण तो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो होता. बुरजाचा दगड न् दगड मोजता येत होता. आणि त्याच्या बाजूला शुक्राचा ठिपका नव्हता, रेघ होती: तांदळाच्या दाण्याएवढी, तिरपी, वर ठळक आणि खाली धुळीत बारीक होत गेलेली. पृथ्वी अकरा मिनिटांत जेवढी फिरते, तेवढी मी कागदावर धरली होती! मागे नीट लिहिलं: 'शुक्र. पश्चिम क्षितिज. चांद्याच्या परकोटावरून.' विशेषण एकही नाही.

मुहूर्ताला दोन दिवस राहिले असताना बाबा आणि मी सकाळच्या मोटरनं गोंडपिपरीला गेलो. शुभकार्य म्हणून आईनं एक नारळ दिला होता.

आजी दारात बसली होती. तिनं फोटो नाकाशी नेला, वास घेतल्यासारखा पाहिला.

"हे काय होय?"

"शुक्र, माय."

"अन् हे खालतं?"

"तोही शुक्रच."

"दोन दोन शुक्र?"

"एकच आहे. तो खाली सरकलेला दिसतो."

"काऊन सरकला?"

इथे मी 'मावळला' म्हटलं असतं, तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण ते शास्त्रदृष्ट्या सैल विधान झालं असतं. मी म्हणालो, "तो नाही सरकला. पृथ्वी फिरली."

देवरावभाऊंनी पान लावायचं थांबवलं. "कवा?"

"काल. फोटो काढताना."

"चांद्यातच, का इथी बी?"

"सगळीकडे फिरते, भाऊ! रोज फिरते!"

"आमाले तं काई समजलं नाई," ते म्हणाले आणि घराच्या भिंतीकडे एकदा पाहून घेतलं.

आजी अजून फोटोतच होती. "देवराव," ती म्हणाली, "याले शेपटी हाय."

त्याच वर्षी चैत्रात पश्चिमेला खराखुरा शेपटीवाला तारा दिसून गेला होता. (त्याची बातमी मीच पाठवली होती. तिसरं पान, चार ओळी.) तो दिसला त्या आठवड्यात देवरावभाऊंचा बैल मेला होता.

"तोच होय हा," आजी म्हणाली. "बैलानं पोट नाई भरलं त्याचं. आता नवरदेवावर आला."

"माय, तो वेगळा होता. तो धूमकेतू. हा शुक्र. थांबा, दाखवतो." मी नारळ उचलला. "ही पृथ्वी समजा. हा दारातला उजेड म्हणजे शुक्र. आता मी पृथ्वी अशी फिरवतो..."

नारळ गुळगुळीत होता. पृथ्वी उंबऱ्यावर आपटली आणि दोन तुकडे झाले.

"झालं," देवरावभाऊ म्हणाले. "फुटली तुमची पृथ्वी."

आजीनं आत तोंड करून हाक मारली, "राजुऱ्याले कोण जाऊन राह्यलं गा उद्या?"

परतीच्या मोटरमध्ये कोठारीपर्यंत बाबा घड्याळाला किल्ली देत राहिले. मग म्हणाले, "पृथ्वीचं नाव काढाची काय गरज होती?"

"तुम्ही मिनिट मोजलं असतं तर..."

"मिनिटाचं नाव काढू नको!"

घरी शांता तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सविस्तर, क्रमवार सांगितलं. सूप खाली न ठेवता तिनं ऐकलं.

"दादा, फोटो काढताना हात हालला तं असंच होते न?"

"होतं. पण माझा हात हालला नव्हता."

"उद्या सकाळी जा अन् सांग, हालला."

"अगं, हात हालला असता तर बुरूजही हालला असता! बुरूज बघ! काय स्वच्छ आलाय!"

"बुरुजाशी लगन लागून राह्यलं का माहं?"

"पण ते खोटं आहे. पृथ्वी..."

"पृथ्वी काई आपल्या घरची नाई," शांता म्हणाली. "हात आपल्या घरचा हाय. हातावर घे." मग सूप खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी आजवर तुले काई मागतलं नाई, दादा."

हे विधान तपासून पाहण्यासारखं होतं. पण तिचे डोळे पाहिल्यावर मी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटरनं मी एकटाच गेलो. आजी त्याच जागी. राजुऱ्याला जाणारा माणूस चपला घालून अंगणात उभा. मोटरमध्ये पाठ केलेलं विधान मी म्हणून टाकलं.

"माय, काल मी चुकीचं सांगितलं. पृथ्वी फिरली नाही."

"मले मालूमच होतं."

"फोटो काढताना माझा हात हालला. म्हणून रेघ आली."

देवरावभाऊ फोटो घेऊन उजेडात गेले. मला वाटलं सुटलो. "पण भाऊ," ते सावकाश म्हणाले, "हात हालला तं हा बुरूज कसा नीट आला?"

इतक्या वर्षांत माझ्या फोटोला एकच जाणकार प्रेक्षक लाभला, आणि तो या वेळी! अंगणातला माणूस चपला वाजवू लागला.

"तुले बी काई समजत नाई, देवराव," आजी म्हणाली. "बुरूज दगडाचा हाय, जड हाय. याच्या हातानं तो हालन का? तारा नाजूक. तो हालला."

"हो माय," मी म्हणालो. "तसंच झालं."

(एवढं वाक्य उच्चारायला मला जी ताकद लागली, तिच्यात खरा बुरूज हालला असता.)

"कापते का हात नेहमी?"

"...कधी कधी."

"दाखव."

मी हात पुढे केला. तो कापायला लावायची गरजच पडली नाही. संतापानं तो आपोआप थरथरत होता! आजीनं तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"बिचारा पोट्टा! म्हंजे तारा शुक्राचा अन् शेपटी याची! मंग कालच सांगाचं न सरळ, मले फोटो काढता येत नाई म्हून! पृथ्वीवर काऊन ढकलून राह्यला होता?" मग अंगणातल्या माणसाला, "जाय रे घरी. काई काम नाई."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. शांता बैलगाडीनं, डोंग्यानं आणि पुन्हा बैलगाडीनं अहेरीपलीकडे गेली, आणि पहिल्या पत्रात तिनं वाटेतल्या सगळ्या गावांची नावं ओळीनं लिहून पाठवली. लग्नात माझ्या हाती कॅमेरा द्यायचा नाही, अशी वरपक्षाची एकच अट होती. ती बाबांनी माझ्या देखत, वाद न घालता मान्य केली.

पुढे मी पुष्कळ वर्षं बातम्या पाठवल्या. बहुतेकांवर कुणी ना कुणी खुलासा मागितला. माझा हात कापतो, ही मात्र एकच अशी निघाली, की जिच्यावर कुणी शंका घेतली नाही. आता शांताला नातवंडं आहेत. त्यातला एक शाळेत भूगोल शिकवतो, पृथ्वी फिरते असं मुलांना रोज सांगतो, आणि पगार घेतो. पण त्यांच्या घरी गेलो की मला चहा अजूनही अर्धा कपच मिळतो. बशी मात्र आठवणीनं मोठी देतात.