अठ्ठावीस मॉड्यूल आणि खंडेनवमी

मेहकरात आमचं बॅटरीचं दुकान आहे, अर्धं माझं, अर्धं मित्राचं. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. तो बोलतो आणि मी काम करतो, असं मी लोकांना सांगतो. तो याच्या बरोबर उलट सांगतो.

एका वर्षी दसऱ्याला तीन आठवडे असताना दुसरबीडचे एक रिटायर्ड शिक्षक हायब्रिड गाडी घेऊन आले. पुण्याहून जुनी घेतली होती, फार स्वस्तात. स्वस्त काऊन, हे त्यांनी पुण्यात विचारलं नाही, समोरचा लाल दिवा लागल्यावर मेहकरात येऊन विचारलं. मोठी बॅटरी थकली होती. कंपनीची नवी घेण्यापेक्षा दुसरी जुनी गाडी परवडली असती.

"मले दसऱ्याले बहिणीले नागपूरले न्यायचं हाय," सर म्हणाले.

बहीण ऐंशीच्या घरातली. लोकांच्या वावरात निंदण करून तिनं सरांना डी.एड. केलं होतं. दीक्षाभूमी तिनं जन्मात पाहिली नव्हती. दरवर्षी घरी कोणीतरी मागं राहायचं आणि ते कोणीतरी म्हणजे तीच. आता गुडघे गेले होते, रेल्वेची गर्दी जमणार नव्हती. भाड्याची गाडी करतो म्हटलं तर ती म्हणाली होती, भावाच्या गाडीत बसन, नाही तं घरीच बरी. आमच्याही घरून दसऱ्याला नागपूरला जातात, त्यामुळे मला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. करून देतो म्हणालो. हायब्रिडची बॅटरी मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रबरी हातमोजे घातले, सुरक्षेचा प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो आणि मागच्या सीटखालून ते धूड बाहेर काढलं. आत जाड पुस्तकाएवढे अठ्ठावीस मॉड्यूल ओळीनं बसलेले. एक जरी मॉड्यूल कमजोर निघाला की गाडी सगळ्यांना कमजोर धरते. म्हणून प्रत्येक सुटा करायचा, फुगू नये म्हणून फळ्यांमध्ये आवळायचा, तीनदा पूर्ण चार्ज करायचा, तीनदा पूर्ण उतरवायचा आणि त्यात किती दम आहे ते वहीत लिहायचं. चार चार्जर होते, एका खेपेला दोन दिवस. दोन आठवडे उरकत गेलं. प्रत्येकावर मार्करनं नंबर आणि वहीत त्या नंबरपुढं त्याची कुंडली. चोवीस सुधारले, चार कामातून गेलेले. संभाजीनगरच्या भंगारातून चांगले चार आणून कपाटात वेगळे ठेवले. आता फक्त जोडायचं होतं.

खंडेनवमीला सकाळी मी नटबोल्ट आणायला गेलो. मित्र या दिवशी दुकानातल्या हत्यारांची पूजा करतो. मी करत नाही, पेढे मात्र खातो. पंधरा वर्षांत यावरून आमचं कधी वाजलं नाही. परत आलो तर पाने, पक्कड, मल्टिमीटर, सगळं पाटावर मांडलेलं. आणि त्यांच्यापुढं अठ्ठावीस मॉड्यूल, ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेले, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट.

नंबर एकावरही नव्हता.

"लय मळले होते बे," मित्र म्हणाला.

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "पुसला जाते असा मार्कर आणला कोण?"

मार्कर मी आणला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघायची होती. पुन्हा दोन आठवडे कुठून आणणार? मग सोपी परीक्षा घेतली. प्रत्येक मॉड्यूलला हेडलाइटचा बल्ब दोन मिनिटं लावायचा आणि व्होल्ट किती पडतात ते पाहायचं. मित्राच्या घरून जेवायला दोनदा बोलावणं आलं, तो उठला नाही. दुपारपर्यंत तीन नापास सापडले. चौथा सापडेना. काही पोरं मास्तरनं विचारलेलं धडाधडा सांगतात आणि पेपर कोरा ठेवतात, त्यातला तो होता. दोन मिनिटं बल्ब चांगला जाळायचा आणि लांबच्या कामात बसणार होता. तीन बदलले आणि बाकीचे तसेच जोडले.

संध्याकाळी सर आले. त्यांना सांगताना मला लाज वाटली. "नंबर पुसले गेले, सर. एक खराब आतच राह्यला."

"पुसले गेले नाही, म्या पुसले," मित्र मागून म्हणाला.

सरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, वर्गात पाहत असतील तसं. "नागपूरपर्यंत जाईन का?"

"सांगता येत नाही."

"मंग तू संग चाल."

पहाटे निघालो. गाडी चालवायला सर, शेजारी मी, मांडीवर हत्यारांची पिशवी आणि चौथा चांगला मॉड्यूल. मागं सरांची बहीण, आमच्यासाठी आजीच, पांढऱ्या लुगड्यात, खिडकीची काच खाली करून. समृद्धी महामार्गावर गाडी अशी पळाली की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. पण सरळ रस्त्यावर बॅटरीला फारसं काम नसतं. काम लागतं ते थांबत थांबत चालताना, आणि नागपुरात त्या दिवशी दुसरं काहीच होत नाही. गर्दीत पाऊण तास रखडलो आणि गाडीतला तोच लाल दिवा लागला. बॅटरीच्या पंख्यानं घरघर केली, मग गाडी गप्प झाली. रस्त्यावरच्या चौघा पोरांनी लोटून कडेला लावली.

मी मॉड्यूल मांडीवर घेऊन बसून राहिलो. बदलायचा कोणता, हेच माहीत नव्हतं. मला रडू येत होतं.

"काय झालं?" आजीनं विचारलं.

"बंद पडली," सर म्हणाले. "अजून दोन-अडीच किलोमीटर हाय, बाई."

आजीनं काचेतून बाहेर पाहिलं. रस्ताभर माणसंच माणसं, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडी. "हे सारे तं पायीच जाऊन राह्यले," ती म्हणाली आणि दार उघडायला लागली.

एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मी. पन्नास पावलं चालायची, मग कडेला टेकायची. दोनदा अनोळखी बायांनी पाणी दिलं. दीड तास लागला. वाटेत मित्राचा फोन आला. त्यानं गाडीचं नाव काढलं नाही. "आजी पोचली का?" म्हणाला. मी फोन तिच्या कानाला लावला.

"चालून राह्यली रे बाबा," ती म्हणाली.

 

एका वळणावर दीक्षाभूमीचा घुमट दिसला. आजी थांबली, दम घेतला, पदर नीट केला. मग तिनं आमच्या दोघांचे हात सोडवले आणि एकटी पुढं चालायला लागली.