विसरल्याचं सोंग

शेजारच्या काकींच्या पडवीत शिरवाळ्यांची तिसरी वाटी तोंडाला लावली आणि समोर बायको. गूळ घातलेला नारळाचा रस माझ्या मिशीवरून ओघळत होता.

"अवो, ह्या काय?"

"अगो, भात-तांदूळ बंद आसा ता विसारलंय," मी म्हणालो.

साफ थाप. काकींचा मुलगा मुंबईत. शिरवाळ्यांच्या शेवया पाडताना तांदळाच्या पिठाचे उकडलेले गरम गोळे साच्यातून दाबायला जोर लागतो, म्हणून मी मोठ्या उपकाराच्या थाटात गेलो होतो. जातानाच पोटात दुसरा बेत होता.

गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून माझं डोकं आपटलं. जखम भरली, डोकं काही ताळ्यावर येईना. उजेड टोचायचा, बोलता बोलता शब्द हरवायचे, मिक्सर लागला की मी अंगणात पळायचो. म्हणून बायको वाटप पाट्यावर वाटू लागली. कुडाळच्या डॉक्टरांनी कीटो आहार सुचवला. "खात्री देत नाही, पण माझ्या देखरेखीखाली थोडे आठवडे करून बघू." भात, पेज, गूळ बंद. तूप, खोबरं, अंडी, बांगडे चालू. पुढ्यात बांगड्याची कढी आणि ती कालवायला भात नाही! मला मोह नको म्हणून बायकोने घरात भात शिजवणंच सोडलं. माझ्याबरोबर तीही अंडी गिळत होती. आणि डोकं जरा हलकं वाटू लागलंही होतं.

विसरलो म्हटलं की सुटलो, असं मला वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तिने थेट डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, ह्यांचं विसरणं वाढलंय हो. काय खातायत तेसुद्धा कळत नाही." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं. तिने रिक्षा सांगितली, रिपोर्टची फाइल काढली, माझा शर्ट इस्त्रीला घेतला. पन्नाशीचा बाप्या मी, दाराला टेकून नुसता उभा. एक बाही झाली. दुसरी झाली.

"रिक्षा नको," मी शेवटी म्हणालो. "माका सगळा म्हायत होता. तोंडाक पाणी सुटला म्हणान खाल्लंय."

तिने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं.

"शिरवाळे खाल्लास, त्याचा काय नाय," ती म्हणाली. "पण उद्या तुमका खराच काय आठवला नाय, तर मी ता खरा मानूचा, काय सोंग?"