शून्यावर कोणी बसू नये

गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका रिकाम्या जागेचा कैवारी दुसरा सापडणार नाही. साकोलीच्या त्यांच्या घरात प्रत्येक फळीचं दाराकडचं टोक रिकामं असतं, कारण वीज गेली की चाचपडणारा हात पहिल्यांदा तिथंच पडतो. वहिनींनी एकदा तिथं फिनाइलची बाटली ठेवली, तर हे जेवणावरून उठले. "हात चुकनारच! चुकला त रिकामा वापस आला पाह्यजे." वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, जिऱ्यासाठी मले सारं घर वलांडा लागते."

नोकरीतही त्यांचं हेच. एका कंपनीसाठी ते घरी बसून कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम घडवत. मेमरीतल्या जागांना घरांसारखे क्रमांक असतात, शून्यापासून. सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, चुकला की बरेचदा शून्याच्या आसपास जाऊन पडतो. तिथं काही नसेल तर काम तिथंच थांबतं. पण एखादा लबाड प्रोग्राम आधीच बसलेला असेल, तर कर्नल त्याचंच ऐकतो. म्हणून खालचे क्रमांक मुळातच बंद हवेत, हा त्यांचा हट्ट. कंपनीतले त्यांचे साहेब म्हणत, जुने प्रोग्राम तिथंच बसतात, ते बंद पडतील. कुठल्या क्रमांकापर्यंत बंद ठेवायचं ती मर्यादा शून्यच ठेवू, म्हणजे सगळंच उघडं; ज्याला हवी तो वाढवेल.

"ज्याले समजते तो वाढवन," मेहुणे फोनवर ओरडत, "ज्याले माहीतच नाही त्याचं काय?"

आणि बंद पडलेला पहिला प्रोग्राम नेमका मी कामाला असलेल्या राईस मिलच्या वजनकाट्याचा निघाला! खालचे क्रमांक बंद केलेली नवी सिस्टीम चाचणीसाठी आमच्याकडे टाकली होती. धानाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत खोळंबले, पावत्या हातानं लिहाव्या लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांच्या हाती आयता पुरावा माझ्याच मिलनं दिला होता.

"दादा, आमच्यापुरतं शून्य करून टाका न," मी गयावया केली.

"करतो. पन मंग साहेब सगळ्याइले तेच देतीन. थांबा न जरा, जावईबापू."

त्यांनी तो जुना प्रोग्रामच उघडला आणि वरच्या जागेत बसेल असा करून दिला. साहेबांचा मुद्दा संपला. मर्यादा सगळ्यांसाठी कायम झाली, आणि माझी छाती अशी फुगली की जणू ती मीच घातली होती.

पक्की सिस्टीम आली त्या दिवशी मी काट्यावरच्या माणसाला कौतुकानं विचारलं, "काही फरक वाटून राहिला?"

"काहीच नाही न, भाऊ."

मला वाईट वाटलं. दादांना फोनवर सांगितलं, तर ते लहान मुलासारखे हरखले. "काहीच नाही म्हने? खरंच?" त्यांना तेवढं पुरलं. मला अजून पुरत नाही. चारचौघांत त्यांच्याबद्दल सांगायला तोंड उघडतो, आणि सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.